अंधारखोलीची झडप

३ जून

मुंगीस,

अक्षरावरून ओळखशीलच की पत्र माझं आहे. ओळखून लगेच फाडू नकोस, निदान हे पान तरी वाच. पत्ता आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस, दोन वर्षं मागे लागलो तेव्हा कुठे दिला आणि तोही अट घालून. म्हणाली, "दादा, रडगाणं लिहायचं नाही. पोरगी औषधाच्या कारखान्यात आठ तास उभ्याने बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, तिला तुझे गुडघे ऐकायला वेळ नाही." म्हणून गुडघ्यांचं लिहीत नाही.

संस्थेचं काचघर पाडतायत. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण मागच्या आवारातली खोली त्यांनी अजून काढून घेतलेली नाही. त्यामुळे सगळं दिसतं. काचा आधी उतरवल्या. मग लोखंड. गेल्या मंगळवारी तुझ्या अंधारखोलीचं छप्पर काढलं. छपरातली ती लाकडी झडप होती ना, दोरीने उघडायची, ती माझ्या दारासमोर आणून टाकली. दोन दिवस तिला वळसा घालून नळावर गेलो. शेवटी मजुरांना सांगितलं, बाबांनो, उचला ही. ते म्हणाले, "आजोबा, तुमच्या खोलीला लावून घ्या, हवा येईल."

तुझी आई गेली तेव्हा तू आली होतीस, दारापाशी उभी राहिलीस आणि तशीच गेलीस. मी काही बोलेन असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

एक विचारायचं होतं. तू शिकलेली, मी चौथी नापास. झाडाला जगायला कमीत कमी किती उजेड पुरतो? म्हणजे समज, दिवसभर मिट्ट काळोख आणि मधे फक्त जेवायला बसतो तेवढा वेळ चार बोटं फट. एवढ्याशाने काही होतं का? काही होत नसेल ना? सहज विचारतोय.

तब्येतीला जप.

बाबा


१९ जून

मुंगीस,

उत्तर नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी पोस्टमनची सायकल वाजली की उठून बसतो.

सहज विचारतोय असं लिहिलं ते खरं नव्हतं. आता लिहितो. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

झडप मी उघडत होतो.

तुझंच तुला काय सांगायचं, पण माझ्या डोक्यात ते कसं आहे हे तुला कळावं म्हणून सांगतो. चार ओळी कुंड्या होत्या. उन्हात वाढवलेली घेवड्याची रोपं, दर ओळीला निराळा वाण. ती अंधारात ठेवायची आणि कुठला वाण किती दिवस तग धरतो ते बघायचं. खोलीच्या किल्ल्या दोन, एक तुझ्याकडे, एक माळी म्हणून माझ्याकडे. सतराव्या दिवसापर्यंत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ माना टाकून गेली. तिसरी ओळ चाळीस दिवस हिरवी राहिली. तुझ्या सरांनी ते छापून आणलं, तुझं नाव आधी आणि त्यांचं नंतर. तो कागद तुझ्या आईने उशीखाली ठेवला होता. मग दुसऱ्या दोन गावच्या लोकांनी तोच वाण अंधारात ठेवला आणि तो सतरा दिवसांत मेला. मग त्याच खोलीत फेरतपासणी, मग चौकशी, मग "आकडे टेबलावर बसून लिहिले" असा शेरा, आणि तुझं नाव संस्थेतून कमी.

मुंगे, झडप उघडली की ऊन पडायचं ते बरोबर तिसऱ्या ओळीवर.

खोली फार तापायची, उकाड्याने जीव नको व्हायचा, म्हणून दुपारी जरा उघडत होतो. एवढंच. चौकशीत त्यांनी मला बोलावलं. "आत उजेड कधी गेला होता का?" मी म्हणालो, "माझ्या देखत तरी नाही, साहेब." झडपेला हात लावायची मला परवानगी नव्हती. नोकरी गेली असती, नोकरीबरोबर खोली गेली असती आणि तुझी आई तर अंथरुणाला खिळलेली. त्या संध्याकाळी तूही विचारलंस, "बाबा, तुम्ही आत काही केलं नाहीत ना?" मी "नाही गं" म्हणालो आणि तू लगेच मानलंस. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीस.

आणि निकालाच्या दिवशी मीच वर तोंड करून तुला म्हणालो, "चूक झाली असेल तर कबूल कर, पाय धर, पदरात घेतील." तू म्हणालीस, "म्हणजे तुम्हालाही मी खोटी वाटते?" मी मान खाली घातली. तू बॅग भरलीस.

अकरा वर्षं झाली.

एवढ्याशा उन्हाने काय होणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणून विचारलं.

बाबा


२ जुलै

मुंगीस,

तू सांगत नाहीस तर दुसऱ्या कुणाला तरी विचारणं भाग होतं. शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तर राहायला आलेत, शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको नाही, मुलं नाहीत, शिकवायला कुणी नाही, म्हणून माणूस दिसला की सुरू होतात. त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, एका ओळखीच्याची गोष्ट आहे.

मास्तर म्हणाले, "माळीबुवा, जन्मभर झाडं सांभाळलीत, ती जेवतात काय सांगा बघू."

"खत."

"खत म्हणजे जेवणातलं मीठ झालं. नुसत्या मिठावर जगाल?"

"मग पाणी."

"निम्मं बरोबर. तुम्हाला पस्तीस टक्के."

मग त्यांनी बसवून समजावलं. पानातला हिरवा रंग उन्हाला धरतो. त्या उन्हाच्या जोरावर पान पाणी फोडतं, त्यातला प्राणवायू बाहेर सोडतं, आणि हवेतला कार्बन घेऊन साखर करतं. ऊन संध्याकाळी जातं, साखर राहते. ऊन काही डब्यात भरून ठेवता येत नाही, पण साखरेत बांधून ठेवता येतं. जास्त झालेल्या साखरेचं पान पिष्ट करून साठवतं आणि अंधारात ते पिष्ट मोडून खातं. साठा संपला की स्वतःचंच अंग खायला घेतं, पान पिवळं पडतं, गळतं, मग खेळ खलास. "तुमच्या ओळखीच्याचा प्रयोग म्हणजे उपासाची परीक्षा," म्हणाले. "आणि कुणी तरी परीक्षेत चोरून वाढत होता."

मी पाणी प्यायला उठलो.

मग म्हटलं, पण मास्तर, ती पोरगी रोज रोपं बघायला आत दिवा लावायचीच की. हिरवा दिवा. त्याने काही झालं नाही, मग उन्हाने कसं होईल? मास्तर हसले. म्हणाले, "पान हिरवं का दिसतं? हिरवा उजेड ते बराचसा परत फेकतं म्हणून. मिणमिणता हिरवा दिवा म्हणजे त्याच्या पुढ्यात रिकामं ताट. पोरगी हुशार होती तुमची." तुमची म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं.

तो हिरवा दिवाच माझ्या डोक्यात बसला होता. मला वाटलं, तू तुझ्या परीने रोपांना थोडं देतेस, मी माझ्या परीने थोडं देतो.

उकाड्याचं मी खोटं लिहिलं. उकाडा होता, पण उघडायचं कारण ते नव्हतं. पाचव्या दिवशी तुझ्यामागून आत आलो तेव्हा पहिल्या ओळीची पानं पिवळी झाली होती. तू वहीत काही तरी लिहीत होतीस, कपाळाला आठी. मला वाटलं, रोपं मेली म्हणजे तू नापास. माळ्याला आणखी काय वाटणार? ज्याची झाडं जगली तो पास, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन आत बसायला लागलो. दोरी ओढायची, जेवायचं, दोरी सोडायची. आणि मग एका सकाळी तू धावत आलीस, "बाबा, तिसरी ओळ हलायला तयार नाही! सगळी हिरवीगार!" तू शाळेत पहिली आलीस तेव्हा मी तुला तसं हसताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच. त्या दिवशी झडप थोडा जास्त वेळ उघडी ठेवली.

यातलं काही मला तेव्हा समजत नव्हतं गं. आता मास्तरांनी सांगितल्यावर समजतंय. तरी मास्तर म्हणतात, चार बोटांचं ऊन पुरेल की नाही हे करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कदाचित तुझा वाण खरंच चिवट असेल. असं होऊ शकतं ना? मी करून बघतोय.

बाबा


११ ऑगस्ट

मुंगीस,

करून बघितलं.

दोन कुंड्या, एकाच मुठीतलं बी. वाण तुझाच. काचघराच्या अडगळीत पत्र्याचा डबा मिळाला, वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी. रुजेल की नाही शंका होती, वीस दाण्यांतले चार रुजले. रोपं उन्हात वीतभर वाढू दिली. मग एक तुझ्या आईच्या लोखंडी कपाटात ठेवलं, फटींना काळा कागद लावून. दुसरं लाकडी खोक्यात, वरून चार बोटांची फळी सरकवता येईल असं, आणि ते खोकं खिडकीखाली, दुपारचं ऊन येतं तिथे. डबा उघडताना फळी सरकवायची, चूळ भरली की बंद.

मास्तर रोज चौकशीला यायचे. "काय म्हणतोय तुमचा कैदी?" कपाटातलं रोप आठव्या दिवशी पिवळं पडलं. चौदाव्या दिवशी त्याची मान गेली. सोळाव्या दिवशी देठ हातात आला, ओल्या दोऱ्यासारखा.

खोक्यातलं अजून उभं आहे. आज पंचविसावा दिवस. फोफावलं नाही, पण हिरवं आहे.

मी म्हटलं, मास्तर, हे नुसतं दिसायला हिरवं असेल, जेवत असेल कशावरून? तर त्यांनी परीक्षा करून दाखवली. फळी बंद केल्या केल्या पान खुडलं. आधी पाण्यात उकळलं. मग गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी, तिच्यात पान, शेगडी आधी विझवून. सगळा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि पान पांढरं फटक पडलं. बशीत पसरून त्यावर आयोडीनचे थेंब टाकले. कपाटातल्या रोपाचं एक पान मास्तरांनी दहाव्या दिवशी असंच केलं होतं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं. हे पान मात्र थेंब पडतील तसं काळंनिळं होत गेलं, शिरांच्या मधे मधे, जसा मुका मार उमटतो.

"पिष्ट," मास्तर म्हणाले. "जेवलंय."

माझा डबा तसाच राहिला. मास्तरांनी आयोडीनची बाटली बंद केली. जाताना म्हणाले, "माळीबुवा, शाळेत मी ही परीक्षा तीस वर्षं करून दाखवली. पान काळं झालं की पोरं टाळ्या वाजवायची."

तुझा वाण चिवट नव्हता. इतर वाणांसारखाच होता. तू आकडे खरे लिहिलेस. ते आकडे खोटे मी केले.

हे मी संस्थेत जाऊन सांगणार आहे. लेखी. आधी तुला सांगतोय, कारण मागच्या वेळी आधी सगळ्यांना नाही म्हणालो आणि तुला शेवटी.

बाबा


२४ ऑगस्ट

मुंगीस,

गेलो होतो. धुतलेला सदरा घातला. मास्तर बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

दारातला कारकून नवा आहे. कागद हातात बघून म्हणाला, "काय आजोबा, काचघर वाचवायला अर्ज?" मी म्हटलं, काचघर नाही. मग बसवून ठेवलं दोन तास. आता प्रमुख एक बाई आहेत, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. तुझे सर गेल्याच वर्षी वारले, हे तिथेच कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाज वाटली.

बाईंनी कागद पूर्ण वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. मग विचारलं, "झडपेला कुलूप नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, की उजेड आत जाता कामा नये?"

"सांगितलं होतं. पण मला वाटलं, उजेड म्हणजे दिव्याचा."

बाई हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही हे तेव्हा सांगितलं असतंत ना, तर प्रयोग बाद झाला असता. मुलगी बाद नसती झाली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, पुन्हा कुंड्या मांडल्या असत्या. तीन महिन्यांचं काम गेलं असतं, एवढंच. असं दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

एवढंच, मुंगे. तीन महिने.

मी विचारलं, आता काय होईल? त्या म्हणाल्या, कागद फाइलला लावू, चौकशीवर नवा शेरा लिहायला मी समितीकडे पाठवते. पण त्या वेळच्या समितीतलं कुणी उरलेलं नाही, आणि इतक्या वर्षांनी तिला परत घेता येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. "तिचं वय काय आता?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी कागद शिक्क्यासाठी कारकुनाकडे दिला.

कारकुनाने शिक्का मारून एक प्रत दिली. ती सोबत ठेवली आहे. तुझ्या काही उपयोगाची नसेल. खोली सोडायला सांगतील बहुतेक. सांगू देत. त्याच खोलीसाठी तुला घराबाहेर घालवलं आणि आता तीत मी एकटा आणि तुझ्या आईचं कपाट.

बाबा


२० सप्टेंबर

मुंगीस,

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान आहे आणि वर काही लिहिलेलं नाही, ना बाबा, ना दुसरं काही. मला चालेल. तू पाच गोष्टी विचारल्यास आणि लिहिलंस, "समजूत घालू नका, उत्तरं द्या." देतो.

कुठल्या दिवसापासून? सहाव्या. तारीख आठवत नाही, पण आदल्या दिवशी पहिली ओळ पिवळी पडलेली तू वहीत लिहिली असशील, त्यावरून काढ.

रोज किती वेळ? पाऊण तास. तू धावत आलीस त्या दिवशी दीड तास. ते बहुधा एकविसाव्या दिवशी.

किती फट? चार बोटं. माझी बोटं जाडी आहेत, दोरा लावून मोजली, तीन इंच आणि थोडं वर. ऊन वरून सरळ पडायचं, म्हणून रोपं कुठे वाकली नाहीत. वाकली असती तर तुझ्या लक्षात आलं असतं, असं मास्तर म्हणतात.

ढगाळ दिवशीही उघडली का? हो. रविवारीही. तू यायची नाहीस तेव्हा मुद्दाम यायचो.

पाचवा प्रश्न मी बाजूला ठेवला. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले, उत्तर थांबलं ते त्याच्यामुळेच. तू विचारलंस, "फेरतपासणीच्या वेळी तुम्हाला कळलं होतं का?"

मी या पत्रांतून तुला सांगत आलो, की मला तेव्हा समजत नव्हतं, आता मास्तरांमुळे समजलं. तेच परत लिहिणार होतो. कागदावर उतरवलंही होतं.

कळलं होतं.

फेरतपासणीच्या पहिल्या दिवशी तुझ्या सरांनी माझ्यासमोर त्या झडपेवर कागद डकवला, त्यावर सही केली आणि मला म्हणाले, "यातून काडीएवढा कवडसा आला तरी झाडाला तेवढं जेवण मिळतं. मग सगळंच फुकट." इतकं सोपं करून सांगितलं. मास्तरांनी जे दोन तास लावून सांगितलं, ते सरांनी शिडीवरून उतरता उतरता एका वाक्यात सांगितलं होतं. मी शिडी धरून उभा होतो. ती आणखी घट्ट धरली. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी धरलीय.

फेरतपासणी सोळा दिवस चालली. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की ही रोपं मरणार आणि का मरणार. आता जुलैत कपाटात कुंडी ठेवली तीही कळावं म्हणून नाही, सरांचं ते वाक्य खोटं ठरावं म्हणून. नोकरी, खोली, तुझ्या आईचं दुखणं हे सगळं होतं, पण कारण म्हणून ते मी मागाहून रचलं. तुझ्या आईला विचारलं असतं तर ती अंथरुणातून उठून संस्थेत गेली असती. मला भीती वाटत होती, एवढंच होतं, आणि रोज वाटायचं, उद्या सांगू.

अकराव्या दिवशी तू आतून आलीस आणि माझ्याशेजारी पायरीवर बसलीस. पानं गळायला लागली होती. म्हणालीस, "बाबा, खोली तीच, माती तीच, बी तेच. तुम्ही रोज इथे असता. या वेळी काय वेगळं आहे, तुम्हाला काही दिसतं का?" तू मला विचारलंस. सरांना नाही, पुस्तकाला नाही, मला. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी म्हणालो, "नशीब वेगळं असेल."

तू माझा हात थोपटलास, आपल्यामुळे बापाला त्रास होतोय असं वाटून, आणि परत आत गेलीस.

सोळाव्या दिवशी समितीने शेवटचं रोप मेल्याचं लिहून घेतलं. कुंड्या मीच बाहेर काढल्या. माती ढिगावर ओतली, कुंड्या नळाखाली धुतल्या आणि भिंतीशी उपड्या घालून ठेवल्या. तू दारात उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. एकही फुटली नाही, इतक्या जपून धुतल्या.

बाबा